मेंदूतल्या न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमवर उपचार केले की डोकेदुखी थांबते का?

थांबेलच असं नाही. अ‍ॅन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा; तो फुटलेला नसेल तर बहुतेकदा दुखतच नाही. डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि तो योगायोगाने सापडला, असंच जास्त घडतं. मूळ दुखणं मायग्रेनचं असेल तर ते नंतरही राहू शकतं. तरी उपचारानंतर बऱ्याच जणांचं डोकं कमी दुखतं (धास्ती गेल्याचाही त्यात वाटा असावा, असं मला वाटतं). कॉइलिंगनंतर (यात रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुग्यात बारीक तारेची वेटोळी भरतात) पहिले काही दिवस नव्याने ठणकू शकतं. क्लिपिंगमध्ये कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी चिमटा लावतात, त्यामुळे कानशिलाजवळ दुखतं, घास चावतानाही कळ येते. रोज वेदनाशामक गोळ्या मात्र नकोत, त्यांनीच पुन्हा डोकं धरतं. आणि उपचाराआधी असो वा नंतर, क्षणात असह्य होणारी डोकेदुखी झाली किंवा एक पापणी अचानक खाली आली, तर थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.