डायव्हर्सिटी रिपोर्ट पहिल्यांदा करतीयस ना, मग हे वाच

अगं, मायनॉरिटी (संख्येनं कमी असलेला गट) आणि अंडररिप्रेझेंटेड (आपल्या वाट्याच्या मानानं कामात कमी दिसणारा गट) हे एकच समजू नको. अमेरिकेच्या ईईओ-१ फॉर्मात (कंपन्या कर्मचाऱ्यांचा वंश-लिंगानुसार आकडा सरकारला देतात तो) आपण भारतीय म्हणजे एशियन, म्हणजे मायनॉरिटीच, पण तिकडच्या टेक कंपन्यांत एशियन लोकांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बराच जास्त, म्हणून कंपनीच्या अंडररिप्रेझेंटेड यादीत बहुतेकदा ब्लॅक, हिस्पॅनिक, नेटिव्ह अमेरिकन येतात आणि आपण गळतो, तर क्लायंटवर चिडू नको. तुलना कशाशी केलीय ते आधी विचार, सगळ्या लोकसंख्येशी का त्या कामाची पात्रता असलेल्यांशी, निकाल तिथंच फिरतो की. आपल्या सोलापुरात बघ, तेलुगू बोलणारे शहरात मराठीवाल्यांपेक्षा कमीच, पण पूर्व भागात यंत्रमागाच्या धंद्यात जाऊन बघ कोण दिसतंय!

वरच्या पोस्टी वेगळ्या मोज, नुसती टोटल मारली की साहेब कोण ते झाकून जातं (तिकडंही एशियन इंजिनियर ढिगानं, वरच्या पदांवर त्या मानानं कमी). आणि आपली बिंदुनामावली (सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचा तक्ता) यात घुसडू नको बाई, तिथं टक्केवारी सरकारनं ठरवलेली असते, इथं ही यादी बहुतेकदा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळं त्यांची व्याख्या मेलवर लेखी मागून घे, मगच एक्सेल उघड.