एजंट म्हणतो, नुसती नोंदणी करून ठेव

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पासपोर्ट-व्हिसाचीच आहेत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. वाचताना एक गोष्ट परत परत दिसली आणि जीव हळहळला, लोक कागदाचं नावसुद्धा न विचारता पैसे देतात. "एजंटने लिस्बनला काहीतरी पाठवलंय" एवढंच माहीत असतं. ते काहीतरी म्हणजे काय, ते आज सांगते.

प्रश्न : ताई, माझे आजोबा १९३८ साली फोंड्याजवळ जन्मले, बाबा १९६६ चे, मी २९ वर्षांचा, आयटीआय केलंय. एजंट म्हणतो आत्ता लिस्बनला नुसती जन्मनोंदणी करून ठेव, पासपोर्टचं नंतर बघू, इंडियन पासपोर्टला काही होत नाही. करू का? – एक वाचक, फोंडा

बाबा रे, थांब जरा. ज्याला सगळे नोंदणी किंवा ट्रान्सक्रिप्शन म्हणतात ते म्हणजे इथला जन्म पोर्तुगालच्या सेंट्रल रजिस्ट्रीत उतरवणं. मुक्तीच्या आधी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं नागरिक मानतं आणि त्यांच्या मुलांना त्या नात्याने नागरिकत्व मिळतं. त्यामुळे साखळी लागते, आधी आजोबांचा जन्म आणि लग्न, मग बाबांचा जन्म, मग तुझा. मधली एक कडी सुटली की फाईल तिथेच अडकते.

आणि कडी बहुतेक वेळा स्पेलिंगवर सुटते. मागे एका कुटुंबाची फाईल माझ्या टेबलावर होती. आजोबांच्या जुन्या पोर्तुगीज दाखल्यात शिरोडकर हे आडनाव एक्स या अक्षराने सुरू होत होतं, कारण पोर्तुगीज लिहिण्यात श साठी एक्स, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर तेच एस-एच ने, आणि नातवाच्या आधार कार्डावर मधलं नावच गायब. एकाच घरातली माणसं, पण कागद बघणाऱ्याला तीन वेगळी घराणी. काकोडकर असाल तर जुन्या दाखल्यात के च्या जागी सी सापडेल. म्हणून कुणालाही पैसे द्यायच्या आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडून आजोबांच्या जन्माची पूर्ण नक्कल काढ, तिला आपल्याकडे तेओर म्हणतात, आणि घरी बसून सगळ्या कागदांवरची नावं अक्षर न अक्षर जुळवून बघ.

आता तुझा खरा प्रश्न. "नुसती नोंदणी" असं काही नसतं. पोर्तुगालच्या बाजूने नोंदणी झाली म्हणजे तू त्यांचा नागरिक झालास, पासपोर्ट हा त्या नागरिकत्वावर नंतर मिळणारा कागद. आपल्या बाजूने बघ, भारतात दुहेरी नागरिकत्व नाहीच. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ सांगतं की स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, त्यासाठी कुणी ऑर्डर काढावी लागत नाही. परदेशी पासपोर्ट काढला तर नियमांप्रमाणे तोच पक्का पुरावा धरतात. नुसत्या नोंदणीने जातं का, यावर गोव्यात निवडणुकीच्या उमेदवारांवरून कोर्टापर्यंत वाद गेलेत आणि अशा वादात निर्णय द्यायचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. मग "काही होत नाही" हा शब्द एजंट कुठल्या अधिकाराने देतो?

हा गुंता आपल्याच वाट्याला का, असं खूप जण विचारतात. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाने आजोबा भारतीय नागरिक झाले आणि त्याच आजोबांना पोर्तुगाल आपलं मानत राहिलं, त्यातून हे झालंय.

नागरिकत्व गेलं की काय काय जातं ते घरात सगळ्यांसमोर बोला. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरीचा रस्ता जवळजवळ बंद. पुढे ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड मिळालं तर इथे राहता येतं, व्हिसा लागत नाही, घर-फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. तुमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, वारशाने तुझ्याकडे येऊ शकतं, शेजारचं विकत घ्यायचं म्हटलं तर नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, नावात सिटिझन शब्द आहे म्हणून लोक फसतात.

आणखी दोन शब्द पाठ करून ठेव, सरेंडर आणि रिव्होकेशन. नवीन नागरिकत्व मिळाल्यावर आपण होऊन भारतीय पासपोर्ट परत केला की सरेंडर सर्टिफिकेट मिळतं आणि ओसीआयच्या अर्जाला ते मागतात. माहिती लपवून जुना पासपोर्ट वापरत राहिलास आणि सरकारने तो रद्द केला तर ते रिव्होकेशन. याच फरकावरून गोव्यातल्या कितीतरी लोकांचं ओसीआय अडकलं होतं. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून फिरायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे परत जाऊ नकोस.

माझं मत विचारशील तर, कुठल्या देशात जाऊन काय काम करणार हे ठरल्याशिवाय नोंदणी करू नकोस. खालचं उत्तरही वाच, तुझ्या कामाचं आहे.

प्रश्न : माझा भाचा म्हणतो पोर्तुगीज पासपोर्ट झाला की सरळ स्विंडनला मित्राकडे जाणार, तिथे कामाला लागणार. हे अजून चालतं का? – एक मावशी, डिचोली

नाही हो मावशी. हे चालायचं तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं, म्हणून तर तिथल्या स्विंडन, साउथॉल, लेस्टरला एवढे गोंयकार गेले. ३१ डिसेंबर २०२० नंतर ते बंद झालं. जे त्याआधी तिथे राहत होते त्यांना तिथेच राहता यावं म्हणून ईयू सेटलमेंट स्कीम होती, तिची मुदत ३० जून २०२१ ला संपली. त्यात पाच वर्षं सलग राहिलेल्यांना सेटल्ड स्टेटस आणि कमी राहिलेल्यांना प्री-सेटल्ड, मित्र जे सांगतो ते त्याचं जुनं स्टेटस आहे. आज नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला तिथे नोकरी करायची तर वर्क व्हिसा लागतो, आणि त्यासाठी आधी स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणूस कामाला ठेवायची परवानगी, असलेल्या कंपनीची ऑफर लागते. नुसतं फिरायला जायचं तरी २ एप्रिल २०२५ पासून आधी ऑनलाईन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढावं लागतं.

आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, खुद्द पोर्तुगाल, हे देश त्या पासपोर्टवर कामासाठी उघडे आहेत. पण भाच्याला विचारा, स्विंडन नसेल तर जायचंय का? कारण भारतीय नागरिकत्व एकदा गेलं की परत मिळवायला वर्षं जातात.

प्रश्न : पुतण्या आठवी शिकलाय, कुवेतला किचनमध्ये काम आहे म्हणून एकजण दीड लाख मागतोय. म्हणतो आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे कन्व्हर्ट करून देतो. – एक वाचक, पेडणे

काका, हे पैसे देऊ नका. पुतण्या दहावी नाही म्हणजे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असणार, एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली अशा माणसाला ठराविक १८ देशांत कामाला जायचं तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते, त्यात कुवेत, सौदी, कतार, ओमान सगळे येतात. ती परवानगी म्हणजे कटकट वाटते पण तिच्यात करार तपासला जातो, पगार किती, राहायचं कुठे, आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते, २ वर्षांचे २७५ आणि ३ वर्षांचे ३७५ रुपये अधिक टॅक्स, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. व्हिजिट व्हिसावर गेला की हे सगळं गेलं. त्या व्हिसावर कामाचा हक्कच नाही, मालकाने पगार बुडवला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

रजिस्टर्ड एजंटला सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो, तो पण पावती देऊन. दीड लाख मागतोय तिथेच काय ते कळलं. त्याचा लायसन्स नंबर मागा, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघा. माझ्या ओळखीतला एक मुलगा असाच व्हिजिटवर आखातात गेला होता, चार महिने एका खोलीत अकरा जण, पासपोर्ट मालकाकडे, शेवटी आईने मंगळसूत्र गहाण टाकून परतीचं तिकीट काढलं. त्या माउलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

प्रश्न : अपॉस्टिल आणि अटेस्टेशन एकच का? मुलीला दुबईला नोकरी लागलीय. – एक आई, मडगाव

एक नाही. दोन्ही म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानावा म्हणून घ्यायचे शिक्के, पण अपॉस्टिल हेग करारातल्या देशांसाठी, भारत त्यात २००५ पासून आहे, पोर्तुगालही आहे. दुबई म्हणजे यूएई त्या करारात नाही, त्यामुळे तिच्या डिग्रीला आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं आणि मग यूएई दूतावासाचं अटेस्टेशन लागेल. कुणी दुबईसाठी अपॉस्टिल करून देतो म्हणाला तर पैसे फुकट जातील.

प्रश्न : सून लिस्बनला असते, बाळंतपण आहे. मला शेंगेनचा दोन वर्षांचा मल्टिपल व्हिसा मिळालाय, मग सलग पाच महिने राहू ना? – एक आजी, साखळी

आजी, आधी अभिनंदन! पण शेंगेन म्हणजे पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, आणि त्यावर पाच महिने नाही राहता येणार. दोन वर्षं ही व्हिसा वापरायची मुदत, राहायचे दिवस वेगळे, कुठल्याही १८० दिवसांत ९० च. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजतात, आणि आता तिथे येण्याजाण्याची नोंद कॉम्प्युटरवर होते, शिक्का पुसट होता म्हणून सुटलो असं होत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर मुदतीखाली दिवसांचा आकडा छापलेला असतो, तो मुलाला वाचायला सांगा. बाळंतपणाच्या पंधरा दिवस आधी गेलात तर बाळ अडीच महिन्यांचं होईपर्यंत तुम्ही तिथे असाल. मग तीन महिने घरी या आणि परत जा, तोपर्यंत पालथं पडायला लागलेलं असेल.