स्थळ आणि स्मृती या विषयावर पूर्ण निधीसह पीएच.डी. करता येते का? अशा संधी कुठे शोधायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे: साहित्यात एम.ए. झालं आहे, 'स्थळ आणि स्मृती' या विषयावर परदेशात पीएच.डी. करायची आहे, पण स्वतःचे पैसे घालणं शक्य नाही, तर निधी मिळतो का आणि शोध कुठून सुरू करायचा? मी याच विषयावर पूर्ण निधी घेऊन पीएच.डी. केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

निधी मिळतो. अडचण अशी की तो या नावाने क्वचितच जाहीर होतो. मी सुरुवातीला हेच दोन शब्द टाकून शोधत बसायचे आणि समोर यायच्या मेंदूविज्ञानाच्या जागा. त्यातही चूक काही नव्हती. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पसमध्ये, ठरावीक जागी गेल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी सापडल्या. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी त्याला जोडून आणखी एका प्रकारच्या पेशी शोधल्या आणि २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. जागा आणि आठवण यांचं नातं तिथेही आहेच. पण तुम्हाला हवं आहे ते संशोधन इतिहास, भूगोल, मानववंशशास्त्र, वारसा अभ्यास, वास्तुशास्त्र, संग्रहालयशास्त्र आणि साहित्य या विभागांत विखुरलेलं असतं. शोधताना शब्द बदला: सामूहिक स्मृती, सांस्कृतिक स्मृती, स्मृती अभ्यास, मौखिक इतिहास, सांस्कृतिक भूगोल, विस्थापन, स्मारकं, भूदृश्य. अर्थात, हे सगळं इंग्रजीतून. मेमरी स्टडीज असोसिएशन ही आंतरराष्ट्रीय संघटना २०१६ मध्ये स्थापन झाली. तिच्या परिषदांचे कार्यक्रम वाचले की कोण कुठे कशावर काम करतंय ते कळतं, आणि मार्गदर्शक शोधायला मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.

निधीचे मुख्य प्रकार दोन, आणि त्यांतला फरक आधी समजून घ्या, कारण दोन्हींचे अर्ज अगदी वेगळे असतात.

पहिल्या प्रकारात प्रकल्प आधीच ठरलेला असतो. एखाद्या प्राध्यापकाला मोठं अनुदान मिळालेलं असतं आणि त्यात पीएच.डी.च्या एक-दोन जागा असतात. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथे ही सरळ नोकरीच असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, करार होतो, पगार आणि रजा मिळते. स्वीडनमध्ये पीएच.डी.ला शिक्षणशुल्कच नाही, मग विद्यार्थी कोणत्याही देशाचा असो. जर्मनीतही अशा जागा असतात, मात्र मानव्यविद्यांत करार बहुधा अर्धवेळ किंवा त्याहून थोडा जास्त असतो, तेव्हा पूर्णवेळ कामाच्या किती टक्के करार आहे, ते जाहिरातीत नीट वाचा. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये अनेक विद्यापीठं आणि संग्रहालयांसारख्या संस्था मिळून संशोधक घेतात. तिथे राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट आहे ती वास्तव्याची: ज्या देशात नेमणूक होणार, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. परदेशातून अर्ज करणाऱ्याला हा नियम उलट सोयीचाच पडतो. या जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर सापडतात.

ब्रिटनमध्ये याच प्रकाराचं एक रूप आहे जे तुमच्या विषयाला फार जवळचं आहे. विद्यापीठ आणि ब्रिटिश म्युझियम किंवा ब्रिटिश लायब्ररीसारखी संस्था मिळून विषय ठरवतात, दोन्हीकडून एकेक मार्गदर्शक मिळतो आणि संग्रह तुमच्यासाठी खुला होतो. निधी कला आणि मानव्यविद्या संशोधन परिषदेचा असतो. या सरकारी निधीवर परदेशी विद्यार्थी घ्यायला २०२१ पासून परवानगी आहे, पण मर्यादित प्रमाणात. शिवाय स्थानिक आणि परदेशी शुल्कातला फरक विद्यापीठ भरणार आहे की तुम्ही, हे अर्ज करण्याआधीच लेखी विचारून घ्या. स्टायपेंड मिळतो म्हणून लोक खूश होतात आणि हा फरक नंतर डोक्यावर पडतो.

दुसऱ्या प्रकारात विषय तुमचा असतो. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत साधारण पाच वर्षांसाठी शुल्कमाफी आणि स्टायपेंड मिळतो, बदल्यात काही सत्रं शिकवावं लागतं. प्रवेश विभागात होतो आणि नेमका विषय पहिल्या दोन वर्षांत घडत जातो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे मानवतं, कारण इतिहास किंवा मानववंशशास्त्राच्या पद्धती शिकायला वेळ मिळतो. अर्ज बहुतेक डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात आणि अभ्यासक्रम पुढच्या शरद ऋतूत सुरू होतो, म्हणजे तयारी दीड वर्ष आधी हवी. फ्लॉरेन्सची युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट हाही इतिहासासाठी चांगला पर्याय आहे, फक्त तिथली अनुदानं बऱ्याच अंशी देशवार ठरतात. एकदा पीएच.डी.ला नाव नोंदवलं की क्षेत्रकार्यासाठी वेगळे पैसे मिळवता येतात. मानववंशशास्त्रात वेनर-ग्रेन फाउंडेशन कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या विद्यार्थ्याला असं अनुदान देतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, संशोधन आराखडा. इथे मी स्वतः एक वर्ष घालवलं आहे.

धरणाखाली गेलेलं एक गाव हा माझा विषय होता. पहिला आराखडा मी अगदी मनापासून लिहिला. बुडालेली घरं, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडे पडणारे चौथरे, म्हाताऱ्या माणसांचं हळहळणं. तीन ठिकाणांहून नकार आला. चौथ्या ठिकाणच्या प्राध्यापिकेने नकार देताना एवढंच विचारलं, ही आठवण कोणाची आहे आणि ती कुठे साठवलेली आहे? मला उत्तर देता आलं नाही. माझ्या कागदावर गाव होतं, गहिवर होता, प्रश्न नव्हता.

मग मी पुनर्वसनाची कागदपत्रं पाहिली. मोजणीच्या नकाशावर प्रत्येक मालकाचा भूखंड होता. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांची वस्ती नकाशावर नव्हतीच. म्हणजे गावाचा एक भाग आठवणीखेरीज कुठेच शिल्लक नव्हता. त्या घरांतल्या माणसांना मी आठवणीतून नकाशा काढायला सांगितलं आणि तो मोजणीच्या नकाशाशेजारी ठेवला. तिथे प्रश्न सापडला: सरकारी नोंदीत नसलेली जागा आठवणीत कशी टिकते, आणि नव्या वसाहतीत मुलांना ती कोण दाखवतं? याच प्रश्नावर मला निधी मिळाला.

या क्षेत्राचा पायाच अशा प्रश्नाचा आहे. मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडलं की माणूस एकट्याने आठवत नाही, समूहाच्या चौकटीत आठवतो. १९४१ मध्ये त्याने येशूच्या कथेतल्या ठिकाणांचा अभ्यास करून दाखवलं की ज्या समूहाच्या हाती जागा असते, तो आपल्या गरजेप्रमाणे आठवणी तिथे रुजवत जातो. नंतर १९८४ ते १९९२ या काळात फ्रेंच इतिहासकार पिएर नोरा यांनी फ्रान्सच्या स्मृतिस्थळांवर, म्हणजे समाज ज्यांत आपली आठवण जपतो अशा जागा, वस्तू आणि प्रतीकांवर, सात खंड संपादित केले. त्यांचं म्हणणं, जिवंत स्मृती सरते तेव्हा स्मृतिस्थळं लागतात. माझं क्षेत्रकार्य नोरा यांच्या म्हणण्याला पुरतं जुळलं नाही, आणि प्रबंधाचं एक प्रकरण त्या न जुळण्यावरच उभं आहे. तुमच्या आराखड्यात या दोघांची नुसती नावं घेऊ नका. तुमची जागा त्यांच्या म्हणण्यात कुठे बसत नाही, ते सांगा. निवड समितीला तेवढा एक परिच्छेद पुरतो.

साहित्याची पार्श्वभूमी कमी पडेल, ही भीती काढून टाका. मजकूर बारकाईने वाचणं, गप्प बसलेल्या जागा ओळखणं, एकच गोष्ट वेगवेगळी माणसं कशी सांगतात ते ऐकणं, हेच इथे रोज लागतं. कमी असतं ते पद्धतीचं शिक्षण. अर्जाआधी पाच-सहा मौखिक मुलाखती घ्या, त्या लिहून काढा, संमतीपत्र कसं असतं ते समजून घ्या. तोटा सोसलेल्या माणसांशी बोलायचं आहे, त्यामुळे नैतिक परवानगीचा, म्हणजे असं संशोधन करायला लागणाऱ्या मंजुरीचा, मुद्दा निवडीच्या मुलाखतीत हमखास निघतो. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याकडे परत कसं जाईल, याचंही उत्तर तयार ठेवा.

मार्गदर्शकाला पहिला ईमेल पाठवाल तो छोटा असू द्या. कोणती जागा, कोणता प्रश्न, कोणता पुरावा हाताशी आहे, आणि त्यांच्या कोणत्या कामाशी तो जोडला जातो, एवढंच लिहा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. होकारार्थी उत्तर आलं की त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांपैकी एकाशी बोला आणि दोन गोष्टी विचारा: निधी किती महिन्यांचा आहे, आणि प्रबंध पूर्ण व्हायला प्रत्यक्षात किती महिने लागतात. माझा निधी ३६ महिन्यांचा होता आणि मला ४७ लागले. मधल्या अकरा महिन्यांत मी शिकवण्या घेऊन भागवलं. तुम्हाला चार वर्षांचा पर्याय मिळत असेल, तर स्टायपेंड थोडा कमी असला तरी तोच घ्या.