पगारपत्रकावर न दिसणारी वर्गणी

‘मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. वय ४७, नोकरीला नऊ वर्षं झाली, पगार ९२ हजार डॉलर. मागच्या महिन्यात घरी एक पाकीट आलं: शिक्षक संघटना सोडा, वर्गणी वाचवा, अर्ज आम्ही तयार करून देतो, वकील लागला तर फुकट देतो. माझे महिन्याला १२५ डॉलर जातात, वर्षातले दहा महिने. हे १,२५० डॉलर दरवर्षी पुण्यात म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाकले, तर १५ टक्क्यांनी १५ वर्षांत ६० हजार होतात. संघटना सोडू का? बाबा तहसील कचेरीत होते, १९७७ च्या ५४ दिवसांच्या संपात होते, त्यामुळे जरा अवघड वाटतं. बाकी काळजी नाही. शिक्षकांची पेन्शन आहे, केंद्र सरकारची सोशल सिक्युरिटी पेन्शन आहे, आणि स्टाफरूममध्ये येणाऱ्या ओळखीच्या एका सल्लागाराकडे ४०३बी या निवृत्ती-बचत खात्यात महिन्याला ५०० जातात. तिथे ५८ हजार जमलेत. त्यांनी तीन वर्षांपूर्वी प्लॅन अपग्रेड करून दिला, आता ६ टक्क्यांची गॅरंटी आहे. गेल्या वर्षी पाठीचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. पगारपत्रक सोबत जोडलंय.’

ताई, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. पण मी अडकलो ते ‘अपग्रेड’ या शब्दाशी, आणि तुमचे जास्त पैसे तिथे अडकलेत. म्हणून तुम्हाला कराराचं खर्चाचं पान पाठवायला सांगितलं होतं. त्याकडे येतोच.

आधी संघटना. सोडता येते, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. २७ जून २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जेनस खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. मार्क जेनस हे इलिनॉयचे सरकारी कर्मचारी. सदस्य नसलेल्या सरकारी नोकराच्या पगारातून संघटनेने ‘वाटाघाटींचा खर्च’ म्हणून पैसे कापायचे, ही १९७७ च्या अबूड निकालापासून चाललेली पद्धत त्या दिवशी संपली. आता स्पष्ट होकार असल्याशिवाय एक डॉलरही कापता येत नाही. तुमच्यासारखी पाकिटं तेव्हापासून जोरात सुरू झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पियाची फ्रीडम फाउंडेशन पत्रं, ईमेल पाठवते, माणसं दारोदार धाडते. मिशिगनच्या मॅकिनॅक सेंटरची मोहीम आहे. नॅशनल राइट टू वर्क फाउंडेशनचे वकील फुकट खटले लढतात. त्यांचा हेतू राजकीय आहे, संघटनांचाही आहे. मला त्यात पडायचं नाही, मी हिशेब बघतो.

पाकिटात बहुधा बारीक अक्षरात असेल ते असं. तुमच्या सदस्यत्वाच्या कार्डावर बाहेर पडण्याची ठरावीक मुदत असू शकते, वर्षातून काही दिवसांची. २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, केंद्रीय अपील कोर्टाने बेलगाउ खटल्यात सांगितलं की सही स्वखुशीने केली असेल तर कार्डावरची अट पाळावी लागते. कॅलिफोर्निया याच सर्किटमध्ये येतो. जेनसपूर्वी कापलेले पैसे परत मिळतील, ही आशाही सोडा. याच कोर्टाने २०१९ मध्ये ती वाट बंद केली. आणि पत्र तुमच्या शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या पेरोलला पाठवून उपयोग नाही. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या एसबी ८६६ या कायद्याप्रमाणे कपात थांबवण्याची विनंती संघटनेकडेच करायची असते.

बाहेर पडलात तरी पगाराचा करार तुम्हालाही लागू राहतो, कारण संघटना त्या शाळेतल्या सगळ्यांची प्रतिनिधी असते. मत मात्र देता येत नाही. सगळेच तुमच्यासारखे बाहेर पडले तर करार करायला कोण बसणार, हा प्रश्न तुम्ही बाबांच्या आठवणीने स्वतःच विचारलात. त्याचं उत्तर माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये नाही.

पण तुमच्या पगारपत्रकावर वर्गणीच्या खाली ४२ डॉलरची आणखी एक कपात आहे. तो अपंगत्व विमा आहे, संघटनेमार्फत घेतलेला. सदस्यत्व गेलं की तो जातो. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक शिक्षकांना राज्याचा अपंगत्व विमा (एसडीआय) नसतो. आजारपणाची रजा संपली की पाच शालेय महिने फरकाचा पगार मिळतो, म्हणजे तुमच्या पगारातून बदली शिक्षकाचा खर्च वजा करून उरेल तो. त्यानंतर कॅलस्टर्सचं, म्हणजे तुमच्या शिक्षक-पेन्शन संस्थेचं, अपंगत्व वेतन. पाच वर्षांची नोकरी झाली असल्याने तुम्ही पात्र आहात, ते अंतिम पगाराच्या निम्मं असतं, पण आजार किमान बारा महिने टिकणारा असावा लागतो. मधली फट हा विमा भरतो. पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बाहेर नवा विमा विचारून बघा: एक तर नकार येईल, नाहीतर ‘पाठ सोडून’ मिळेल. तुम्हाला गरज पाठीसाठीच आहे. शिवाय वर्गात काही घडलं आणि पालकाने दावा ठोकला तर सदस्यांना १० लाख डॉलरपर्यंतचं दायित्व-संरक्षण आणि वकील मिळतो, तेही जातं. १,२५० मधून हे वजा केलं की बचत फारशी उरत नाही. तुमच्या जागी मी पैशासाठी तरी संघटना सोडली नसती. मनाला पटत नसेल म्हणून सोडायची असेल तर वेगळं, पण मग हा विमा जातोय हे माहीत असताना सोडा.

आता ते १५ टक्के. कुठून आणले? २०१० मध्ये डॉलर ४५-४६ रुपयांना होता, २०२४ संपताना ८५ च्या घरात. रुपया वर्षाला चारेक टक्क्यांनी घसरत असेल, तर रुपयातले १२ टक्के तुमच्या हातात ७-८ होऊन पडतात. वर अमेरिकन करखात्याच्या लेखी भारतीय म्युच्युअल फंड म्हणजे ‘पीफिक’, परदेशी गुंतवणुकीचा एक नावडता वर्ग: फॉर्म ८६२१, शिक्षा वाटावी असा कर, आणि तो फॉर्म भरणाऱ्या सीएची फी. अनेक फंड कंपन्या तर अमेरिकेत राहणाऱ्यांचे पैसेच घेत नाहीत. ही एसआयपी करू नका. साडेसहा टक्क्यांनी हिशेब केला तर तुमचे ६० हजार ३० होतात.

आणि आता अपग्रेड.

तुमचा प्लॅन म्हणजे विमा कंपनीची ॲन्युइटी, आज पैसे घेऊन पुढे हप्त्याने उत्पन्न देण्याचा करार. तुम्ही पाठवलेल्या पानावर तीन ओळी आहेत. विमा शुल्क १.२५ टक्के, गॅरंटीचं शुल्क ०.६०, आतल्या फंडांचा खर्च ०.५५. एकूण २.४ टक्के. ५८ हजारांवर वर्षाला १,४०० डॉलर. संघटना १,२५० घेते. ती पगारपत्रकावर छापून घेते, म्हणून तुम्हाला खुपते, म्हणून पाकीट आलं की तुम्ही उघडता. हे १,४०० कुठेच छापले जात नाहीत, खात्यातून हळूच वजा होतात, आणि शिल्लक वाढेल तशी ही वर्गणी वाढत जाते. ती सोडवायला कुणी दारात येत नाही.

१५ वर्षांचा हिशेब करू. बाजार ७ टक्के देतो असं धरू, तुमचे दहा महिन्यांचे ५,००० दरवर्षी चालू राहतात. २.४ टक्के खर्चात निवृत्तीला सुमारे २ लाख १८ हजार. ०.४ टक्के खर्चाच्या साध्या इंडेक्स फंडात २ लाख ७३ हजार. फरक ५५ हजार डॉलर. संघटना सोडून जे ३० हजार जमले असते त्याच्या जवळजवळ दुप्पट.

‘६ टक्के गॅरंटी’ हे वाक्य ऐकलं की मला रागच येतो. कराराचं चौथं कलम वाचा. ६ टक्क्यांनी वाढतो तो ‘इन्कम बेस’, तुमची शिल्लक नाही. तो आकडा एकरकमी काढता येत नाही. त्यावर ठरावीक टक्के आयुष्यभर हप्त्याने मिळतात, तेही सुरुवातीला तुमच्याच पैशातून. आजीवन उत्पन्न हवं म्हणाल तर ते तुमच्याकडे आधीच आहे: कॅलस्टर्स. ४०३बीत कर आपोआपच पुढे ढकलला जातो, त्याच्या आत पुन्हा करसवलतीच्या नावाने ॲन्युइटी विकणं म्हणजे घरात बसलेल्या माणसाला छत्री विकणं. आणि अपग्रेड म्हणजे जुना करार मोडून नवा करार: सल्लागाराला पुन्हा कमिशन, तुमचं सरेंडर चार्जचं, म्हणजे मुदतीआधी पैसे काढल्याच्या दंडाचं, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. ७ टक्क्यांनी सुरू झालं, आज ४ वर आहे.

खासगी कंपन्यांच्या निवृत्ती योजनांना बचत करणाऱ्याचं हित जपायला लावणारा १९७४ चा एरिसा कायदा लागू आहे, सरकारी शाळांच्या ४०३बीला नाही. त्यातून कॅलिफोर्नियाच्या विमा कायद्यामुळे डिस्ट्रिक्टला विक्रेते फारसे गाळताही येत नाहीत, म्हणून यादी लांबलचक आणि स्टाफरूम विक्रेत्यांना मोकळी. संघटनावालेही सगळीकडे स्वच्छ आहेत असं नाही. न्यूयॉर्कच्या शिक्षक संघटनेची सदस्य-सेवा शाखा एका विमा कंपनीकडून पैसे घेऊन तिच्याच ॲन्युइटीची शिफारस करत होती. २००६ मध्ये तिथले ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी ते बाहेर काढून तडजोड करायला लावली.

काय करायचं ते सांगतो. पुढच्या पगारापासूनचे ५०० या करारात जाऊ देऊ नका. कॅलस्टर्स ‘४०३बी कंपेअर’ नावाची साइट चालवते, तिथे तुमच्या डिस्ट्रिक्टच्या यादीतल्या प्रत्येक विक्रेत्याचा खर्च लिहिलेला असतो. कॅलस्टर्सचीच ‘पेन्शन२’ ही स्वस्त योजना यादीत आहे का बघा. जुन्या ५८ हजारांचं काय? आज हलवले तर ४ टक्के, म्हणजे २,३०० डॉलर कापले जातील. वर्षभर थांबलात तर चार्ज एक टक्का उतरतो, ५८० वाचतात, पण तेवढ्यात जादा खर्चाचे १,१६० जातात. थांबण्यात तोटा आहे. करारात दरवर्षी १० टक्के बिनचार्ज काढायची सोय असेल तर आधी ती वापरा. हस्तांतर ४०३बीतून ४०३बीत, कंपनीकडून कंपनीकडे व्हायला हवं. चेक स्वतःच्या नावावर घेतलात तर कराच्या भानगडी सुरू होतील.

राहिली सोशल सिक्युरिटी. पगारपत्रक पुन्हा बघा, तिची कपातच नाही. कॅलिफोर्नियाचे शिक्षक त्या योजनेत नाहीत. तुम्ही फोनवर सांगितलंत की शाळेआधी सहा वर्षं आयटीत काढली, म्हणजे वर्षाला चार याप्रमाणे २४ क्रेडिट. लागतात ४०. स्वतःच्या नावावर काही मिळणार नाही. यजमानांच्या खात्यावर पत्नी म्हणून निम्म्यापर्यंत मिळू शकतं, आणि शिक्षकांची पेन्शन त्यातून वजा करणारा नियम ५ जानेवारी २०२५ च्या कायद्याने गेला, हे तुमचं नशीब. कॅलस्टर्स ६२ व्या वर्षी, २४ वर्षांच्या नोकरीवर, पगाराच्या ४८ टक्के देईल: आजच्या हिशेबात ४४ हजार. त्यातली वार्षिक वाढ २ टक्के, तीही मूळ रकमेवर, चक्रवाढ नाही. म्हणजे हे ४०३बी तुमच्यासाठी वरखर्चाला नाही, घर चालवायला लागणार आहे.

हस्तांतराचा अर्ज पोचला की सल्लागारांचा फोन येईल, बहुधा ते डोनट घेऊन स्टाफरूममध्येही येतील. ‘नवीन, आणखी चांगला’ करार पुढे करतील. त्याची प्रत मागून घ्या, सही करू नका, आणि मला पाठवा. संघटनेच्या कार्डाचीही प्रत मागवा. त्यावरची मुदत कधीची आहे ते बघून, तोपर्यंत तुमचं मन काय म्हणतंय ते मला कळवा.