‘सेव्हरल’ म्हणजे नेमके किती, आणि तो लक्षात कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की ‘सेव्हरल’ (several) या इंग्रजी शब्दाला शब्दकोशात ‘अनेक’ असा अर्थ मिळतो, पण वाक्यात तो बसत नाही, आणि वाचताना ‘सर्व’शी घोटाळा होतो. या घोटाळ्यात मी तुमच्याही आधी पडलोय.

सोलापुरात टॉवेल बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी नवा होतो. गिऱ्हाइकाचा मेल आला, ‘सेव्हरल कार्टन्स’ भिजलेत. मी ते ‘सर्व’ वाचलं आणि मालकांना सांगून मोकळा झालो की सगळा माल गेला. मालकांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. फोन केल्यावर कळलं, चाळीस खोक्यांतली सहा ओली होती. मालक एवढंच म्हणाले, ‘का बे, जीव घेतोस काय?’

तर सहा. साधारण तेवढेच. नक्की आकडा कुणी ठरवलेला नाही, पण दोनाला ‘सेव्हरल’ म्हणत नाहीत आणि पन्नासालाही नाही. ‘अ फ्यू’ म्हणजे आपले दोन-चार, ‘सेव्हरल’ म्हणजे पाच-सात, त्यापुढे ‘मेनी’. मराठीत जोडीने आकडे बोलायची सवय आहे, ती इथे फार कामी येते. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची जी गड्ड्याची यात्रा भरते, तिथले मानाचे सात नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) ‘सेव्हरल’मध्ये बसतात, सिद्धरामेश्वरांची 68 लिंगं मात्र ‘मेनी’त जातात. ‘अनेक’ची अडचण अशी की त्याची फोड ‘एक नव्हे ते’ एवढीच असली तरी आपल्या कानाला तो ‘पुष्कळ’ असाच लागतो. म्हणून तो अर्थ मी वहीतून खोडला.

एक छटा आणखी. ‘आय टोल्ड यू सेव्हरल टाइम्स’ याचं मराठी ‘तुला अनेक वेळा सांगितलं’ नव्हे, ‘तुला चारदा सांगितलं’. मोजलेलं नसतं, पण बोलणाऱ्याला ते पुरेसं वाटलेलं असतं.

लक्षात ठेवायला ‘सर्व’ सोडा, ‘सेपरेट’ धरा. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमधल्या वेगळं करण्याच्या कल्पनेत आहे, आणि ‘सेव्हरल’चा जुना अर्थ ‘वेगवेगळे’ असाच होता. म्हणजे सुटे सुटे मोजता येतील असे नग डोळ्यांसमोर आणायचे: चादरी, भाकरी, खोकी. पाणी किंवा शेंगाचटणी सुटी मोजता येत नाही, तिथे हा शब्द चालतच नाही. तिथे ‘सम’ (some) घ्या.

हा जुना अर्थ अजून एका ठिकाणी जिवंत आहे, तो म्हणजे कर्जाच्या जामीनपत्रात. तिथे ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असं छापलेलं असतं. त्याचं मराठी ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’. म्हणजे तीन जामीनदार असले तरी पूर्ण रक्कम त्यांतल्या कुणाही एकाकडे मागता येते, वाटणी करून तिसरा हिस्सा नव्हे. आमच्या मेव्हण्यांना वाटलं होतं, ‘बरेच जण मिळून’. खरा अर्थ त्यांना नोटीस आल्यावर कळला, आणि बाकीचे दोघे तोवर फोन उचलायचे बंद झाले होते.