त्या टेबलावर जाऊन बस

मित्रा,

तुझा मेसेज वाचला. माजी सैनिकांच्या मेळाव्याला गेलास, सगळे तुझ्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या वयाचे, त्यांच्या जोकमधली माणसं तुला माहीत नाहीत, म्हणून अर्ध्या तासात निघून आलास आणि आता विचारतोयस की परत जाण्यात काही अर्थ आहे का. आहे. पुढच्या वेळी भिंतीला टेकून उभा राहू नकोस, थेट त्यांच्यात जाऊन बस.

तुला वाटतंय त्यांची लढाई वेगळी, आपली वेगळी, तेव्हा पत्रं होती आता व्हिडिओ कॉल. बरोबर आहे. पण ते हसतायत कशावर ते नीट ऐक ना. लढाईवर क्वचितच. पहाटे धावतपळत फॉल-इन केलं, म्हणजे रांगेत उभे राहिलो, आणि मग कोणीच आलं नाही, मापाचे बूट कधी मिळाले नाहीत, स्टोअरवाला सामान असं द्यायचा की जणू स्वतःच्या खिशातून देतोय, एकाच्या बटणापायी उस्तादाने, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याने, अख्खी बॅरक पळवली. यातलं तुझ्या बाबतीत काय झालं नाही सांग बरं?

हे आजकालचं नाहीये. १९१६ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र शहराच्या पडझडीत ब्रिटिश सैनिकांना एक छापखाना सापडला, तर त्यांनी त्याच्यावर चक्क स्वतःचं विनोदी वर्तमानपत्र काढलं, वायपर्स टाइम्स, खोट्या जाहिराती आणि मागे सुरक्षित बसून सगळं छान चाललंय म्हणणाऱ्यांची टिंगल. दुसऱ्या महायुद्धात बिल मॉल्डिन नावाचा अमेरिकन सैनिक दोन दाढी वाढलेल्या, थकलेल्या शिपायांची व्यंगचित्रं काढायचा, जनरल पॅटननी त्याला बोलावून झापलं, पण शिपायांना ती आपलीच वाटायची, आणि १९४५ मध्ये त्याला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. बघ, फौजी विनोद नेहमी वरच्या दिशेने जातो, नाहीतर स्वतःवर. खालच्यावर किंवा पडलेल्यावर जो जातो तो आपला नाही, तो कोणी सिनियरने केला तरी हसू नकोस.

आता तुझी चेष्टा होईल. तुमच्या वेळी ट्रेनिंग होतं की पिकनिक, हे तर हमखास. चिडू नकोस, आणि आमचं कसं जास्त कठीण होतं हे पटवायला तर अजिबात जाऊ नकोस, ती वजनकाट्याची भाषा आली की सगळी मजा जाते. उलट उत्तर दे, तेवढ्याच ताकदीने. जोपर्यंत तुझ्याशी सगळे अदबीने बोलतायत तोपर्यंत तू पाहुणा आहेस, ज्या दिवशी कोणीतरी तुला टोपणनाव ठेवलं त्या दिवशी तू त्यांच्यातला झालास.

एक मात्र सांभाळ. ज्याचा पाय गेलाय तो पायावर जोक करेल, तो त्याचा हक्क आहे, त्याने दार उघडेपर्यंत तू आत शिरायचं नाही. गेलेल्यांचंही तसंच, त्यांचे किस्से त्यांच्यासोबत असलेल्यांनी सांगायचे, तू ऐकायचं, ते हसले तर मोकळेपणाने हस, ते गप्प झाले तर तूही गप्प. आणि जो सगळ्यात मोठ्याने हसवतो तो दोन वेळा आला नाही तर त्याला फोन कर, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण हसवणाऱ्याला कसा आहेस असं विचारायचं सगळ्यांचंच राहून जातं.

आणि दोन पिढ्या एकमेकांत मिसळल्या नाहीत तर काय होतं हेही माहीत असू दे. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्या बऱ्याच जणांना जुन्या सैनिकांच्या संघटनांमध्ये आपलेपणा मिळाला नाही, तुमची कसली लढाई असं वागवलं गेलं. शेवटी १९७८ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि तिचं मूळ तत्त्वच हे ठेवलं की यापुढे सैनिकांची एक पिढी दुसऱ्या पिढीला कधीही वाऱ्यावर सोडणार नाही. किती दुखलं असेल म्हणून असं वाक्य लिहावं लागलं! तुझ्या बाबतीत तर उलटं आहे, म्हातारे खुर्ची सरकवून देतायत आणि तूच पळतोयस.

म्हणून जा. सुरुवात जमत नसेल तर एवढंच विचार, तुमचा उस्ताद कसा होता? त्यावर पुढचे दोन तास तुला काही बोलावं लागणार नाही, आणि मधेच तुझ्या उस्तादाचं काहीतरी आठवून तूच बोलायला लागशील. गेलास की कळव, आणि तुला काय नाव पडलं तेही लिही.