कॉर्नफ्लॉवरमधला 'कॉर्न' कुठला?

प्रश्न असा आलाय: एका फ्रेंच कथेचं इंग्रजीवरून मराठी करताना ११ नोव्हेंबरच्या सकाळी एक म्हातारा सैनिक कोटाला 'कॉर्नफ्लॉवर' लावून बाहेर पडतो. इथं 'मक्याचं फूल' चालेल का? शिवाय घरी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "मंचुरियनला लावतात ते कोटाला कशाला लावतोय?"

सासूबाईंची शंका आधी घेतो, ती जास्त रसाळ आहे. पीठ या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि फूल या अर्थाचा शब्द, दोन्हींचा उच्चार एकच. मुळात शब्दही एकच होता. दळून चाळल्यावर निघणारा धान्याचा सगळ्यात उत्तम भाग म्हणजे त्या धान्याचं 'फूल'. फ्रेंचमध्ये चांगल्या पिठाला अजूनही 'पिठाचं फूल' म्हणतात. इंग्रजीत दोघांची स्पेलिंगं वेगळी झाली ती बरीच नंतर. त्यामुळे पाककृतीत 'दोन चमचे कॉर्नफ्लॉवर' लिहिणाऱ्यांना हसू नये; 'कॉर्नफ्लोअर' लिहिणारेच खरं तर स्पेलिंगवरून उच्चार करतात. त्यातून आपल्याकडे नुसता 'फ्लॉवर' म्हटलं की भाजीच डोळ्यांपुढे येते, हा घोळ वेगळाच.

आता कॉर्न. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य, आणि व्यवहारात त्या मुलखाचं मुख्य धान्य: इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. मका युरोपात पोचला तोच कोलंबसानंतर. अमेरिकेतल्या वसाहतींत त्याला 'इंडियन कॉर्न' म्हणू लागले, पुढे 'इंडियन' गळलं आणि उरलेला अर्थ आपल्या मल्टिप्लेक्सपर्यंत आला. (हा 'कॉर्न' आणि आपला 'जीर्ण' एकाच धातूतून आले असं भाषाभ्यासक मानतात. पिकणं आणि जुनं होणं एकच, नाही का!) म्हणजे कॉर्नफ्लॉवर हे धान्याच्या शेतात आपसूक उगवणारं फूल, शेतकऱ्याच्या लेखी तण. इंग्रजीत त्याचं एक जुनं नाव 'विळ्याला इजा करणारं' अशा अर्थाचं आहे, कारण चिवट देठांनी विळ्याची धार जाई. एस्टोनियाचं ते राष्ट्रीय फूल. तिथल्या भाषेत त्याचं नाव सरळ 'राय-फूल', राय या धान्यावरून. तेव्हा 'मक्याचं फूल' नक्कीच नको.

फ्रेंच मुळात शब्द असणार 'ब्लूए', म्हणजे साधारण 'निळुलं'. त्यात ना धान्य, ना मका. पहिल्या महायुद्धात फिकट निळ्या नव्या गणवेशात आलेल्या कोवळ्या रंगरुटांना जुने सैनिक 'ब्लूए' म्हणत. तोफांनी उखडलेल्या जमिनीवरही ही फुलं उगवत होती. १९१६ मध्ये पॅरिसच्या इन्व्हालीद या सैनिकी रुग्णालयात दोन स्त्रियांनी जखमी सैनिकांच्या हाताला काम म्हणून कागदा-कापडाची ब्लूए करायला लावली. इंग्रजांची लाल पॉपी तशी फ्रेंचांची ही निळी खूण, युद्धबंदीच्या दिवशी छातीवर लावायची. कथेतला दिवस ११ नोव्हेंबर आहे तो म्हणूनच.

मात्र कथा ऑस्ट्रियातली असती तर हेच फूल अंगावर काटा आणतं. तिथं ते जर्मन राष्ट्रवाद्यांचं चिन्ह होतं आणि १९३० च्या दशकात नाझी पक्षावर बंदी असताना त्याचे लोक एकमेकांना ओळखायला ते लावत. फूल एकच, पण तळटीप देशानुसार बदलेल.

मराठीत याला रुळलेलं नाव नाही, कारण ते आपल्या शेतांतलं नाही. आपल्या रब्बीतलं निळं फूल जवसाचं. कृष्णाला 'अतसीपुष्पसंकाश' म्हणतात ती अतसी म्हणजे जवसच, आणि आपली 'अळशी' त्याच शब्दावरून आली. मोह होईल, पण जवस लिहू नका. जवस पेरतात, हे आपलं आपण येतं, आणि तो फरक कथेला लागतो. मी 'ब्लूए' ठेवीन आणि पहिल्याच वेळी वाक्यात सांगून टाकीन: 'गव्हाच्या शेतात आपसूक येणारं ते निळं ब्लूए'. नवा शब्द घडवण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं मत. जाता जाता, त्याच्या शास्त्रीय नावातलं 'सायनस' ग्रीक 'क्यानोस', गडद निळा, यावरून आलंय आणि आपल्या सह्याद्रीतल्या नभाळी या रानफुलाच्या 'सायनोटिस' या शास्त्रीय नावातही तोच शब्द आहे.

फूल पाहून मगच लिहायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी थेट कुंडीत पेरा. सोटमूळ असल्यानं रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. ऊन भरपूर, खत जवळजवळ नाहीच. दोन-अडीच महिन्यांत फुलेल. पाकळ्या सुकल्यावरही निळ्या राहतात, म्हणूनच काही विलायती चहांत त्या घालतात. चवीला फारसं काही नाही, नुसती शोभा.